एकाच घंटेला दोन खोल्या

वादी: लक्ष्मण सटवाजी, धंदा अर्जनविशी, वय अंदाजे पंचेचाळीस, राहणार अकोला, बैठक कचेरीसमोरील कडुनिंबाखाली, उत्तरेच्या अंगास. प्रतिवादी पहिला: अमरावतीच्या इंग्रजी शाळेचा हेडमास्तर, ज्याचे नाव मला पाठ आहे, पण ते लिहिण्याइतकी शाई मी त्याच्यावर खर्च करणार नाही. प्रतिवादी दुसरा: मुंबईतील एका कॉलेजात हजेरीचे रजिस्टर ठेवणारा कारकून, ज्याचे तोंड मी पाहिलेले नाही, पण ज्याचे अक्षर मी हजारांत ओळखीन. ज्याचे नुकसान झाले तो: महादेव तुकाराम ऊर्फ महादू, माझ्या धाकट्या बहिणीचा थोरला मुलगा. साक्षीदार: बहीण गोदाबाई व तिचा नवरा तुकाराम पाटील, दोघे राहणार पातुराकडील आमचे खेडे. घटनेची मिती: कापूस सोन्याच्या मोलाने गेला त्या दिवसांतील एका मार्गशीर्षापासून पुढल्या मार्गशीर्षापर्यंत. त्यास आता दोन वर्षे होऊन गेली.

मिती लिहिली खरी. परंतु या मितीला शेवट नाही, ही माझी पहिली तक्रार आहे. ती दरसाल परत येते. पऱ्हाटीची बोंडे उकलली, वेचणाऱ्या बायकांच्या ओट्या फुगल्या, बाजाराच्या रस्त्यावर गाड्यांची रांग लागली की रुई उडू लागते, आणि उडता उडता ती माझ्या दौतीत येऊन पडते. बोरू बुडवावा तर टोकाला केस चिकटतो, आणि कागदावर प्रत्येक अक्षराला मिशा फुटतात. ‘मेहेरबान’ लिहिले तर तेही मिशाळ, ‘गरीब’ लिहिले तर तेही मिशाळ. मी टोक पुसतो, पुन्हा बुडवतो, पुन्हा पुसतो. इतर लोक या हंगामाला लक्ष्मी म्हणतात. म्हणोत. मला याचा वास आला की कपाळाची शीर उडते. ओल्या सरकीचा तो जड, तेलकट वास, बैलांच्या घामाचा वास, नव्या गोणपाटाचा वास. आणि या सर्वांच्या खाली, जणू कोणी मुद्दाम पुरून ठेवल्यासारखा, एका छापील कागदाचा वास.

त्या सालांचे वर्णन मी करणार नाही असे ठरवले होते, कारण ते सगळ्यांनी केले आहे आणि बहुतेकांनी खोटे केले आहे. सातासमुद्रापलीकडे एकाच मुलुखाचे गोरे आपसात लढू लागले, त्यांचा कापूस अडला, आणि आमच्या काळ्या मातीतील पऱ्हाटीला एकाएकी मान मिळाला, एवढे खरे. त्या मानाने माणसे किती बिघडली हे मात्र कडुनिंबाखाली बसणाराच सांगू शकेल. ज्याच्या बापाच्या पायाला जोडा माहीत नव्हता तो कर्रकर्र वाजणारे जोडे घालून माझ्या सतरंजीवर पाय ठेवी. दलाल लोक तर गाडीवरचा कापूस चिमटीत धरून असे तोंड करीत, जसे काही देवाने तो त्यांना विचारल्यावाचून पिकवला. आणि प्रत्येकाला अर्ज हवा होता. बांध सरकला, अर्ज. गाडीवाट अडवली, अर्ज. शेजाऱ्याची गाय सरकीच्या ढिगात शिरली, अर्ज. त्या वर्षांत माझा बोरू सुकला नाही. माझ्या हातचे कागद अमरावतीस कमिशनर साहेबांच्या मेजापर्यंत गेले, आणि त्यांतील एकावर साहेबांनी तांबड्या शाईने खूण केली, हे पाहणारे लोक अद्याप हयात आहेत.

माझे शिक्षण किती, असा प्रश्न प्रतिवादी पहिला याने मला भर वर्गात केला होता. त्याचे उत्तर येथे देतो. चार वर्षे पंतोजींच्या ओट्यावर मोडी, दोन वर्षे मुनशीजींच्या दारात फारशी, तीही त्यांच्या शेळ्या बांधून. पुढे बाप वारला आणि शिकणे संपले. घरात मी वऱ्हाडीच बोलतो. दौतीपुढे बसलो की भाषा शिरावर पागोटे चढवते. यात लाज वाटण्यासारखे काय आहे ते अमरावतीच्या विद्वानाने सांगावे.

माझ्या धंद्याची एक रीत आहे. ती मी आजवर कोणास उघड केली नाही. परंतु या प्रकरणात ती लपवली तर कागद अपुरा राहील. अर्जात मागणी नेहमी हवी त्याहून अधिक करावी. कोणास पायवाट हवी असेल तर त्याच्यासाठी गाडीवाट मागावी. कोणास आठ दिवसांची मुदत हवी असेल तर महिना मागावा. कारण साहेब कापतोच. कापल्यावाचून त्याला आपण साहेब आहोत असे वाटत नाही. म्हणून त्याला कापण्यासाठी काही पदरचे घालून द्यावे लागते, जसे शिंप्याकडे कापड थोडे जास्तच न्यावे लागते. वीस वर्षे मी असे अर्ज लिहिले. वीस वर्षे साहेबांनी ते कापले, आणि माझ्या माणसांना पायवाटा मिळाल्या.

महादू एन्ट्रन्स परीक्षा पास झाला त्या वेळी गावात कापसाला ठेवायला जागा उरली नव्हती. गोदाच्या घरात तो ओसरीपासून आढ्यापर्यंत भरला होता. देवघराला तेवढी वाट ठेवली होती, आणि त्या वाटेने जातानाही माणसाच्या पाठीला रुई चिकटे. मी गेलो तेव्हा महादू त्या ढिगाच्या कुशीत बसून एक छापील कागद वाचत होता. अंगाने काटकुळा, कान मोठे, बोलणे थोडके. परंतु गाडीत किती कापूस आहे हे नुसते चाकाकडे बघून सांगे आणि ते काट्यावर खरे उतरे. त्या कागदावर कॉलेजच्या पहिल्या वर्षाचे विषय छापले होते.

“मामा, याच्यातून निवडा लागते,” तो म्हणाला.

“काय काय हाय?”

“इंग्रजी तं घ्याचीच. गणित हाय, तर्कशास्त्र हाय, इतिहास हाय, सृष्टिशास्त्र हाय. अन दुसरी भाषा एक. संस्कृत, नाई तं फारशी.”

“एकच?”

“एकच.”

तुकाराम पाटील दारात बैलाची वेसण वळत बसला होता. त्याने मान वर केली. “कापसाचं काई शिकवत नाईत का थे?”

“नाई, बाबा.”

“मंग कायचं आलं कॉलेज! दादा, तुमी सांगा, वकील व्हाले कोन्ता इषय लागते? थोच लिहा. बाकीचं गेलं चुलीत.”

आतून गोदा आली. हाताला पीठ लागलेले, तसेच तिने कमरेवर ठेवले. “तुमी दोघं आपलंच दामटून राहिले. ज्याले जाचं हाय त्याले तं इचारा.”

मग आम्ही विचारले. महादूने कागदावरून बोट फिरवले आणि दोन ठिकाणी थांबवले. “मले गणित पाह्यजे. अन संस्कृत. आपलं जुनं गणित समदं श्लोकात हाय म्हनतात. मले थे सोता वाचाचं हाय.”

एवढेच त्याचे मागणे होते. एक गणित, एक संस्कृत. आज हे वाक्य लिहिताना माझ्या लक्षात येते की वीस वर्षांत माझ्यापुढे बसलेल्या कोणी आपले मागणे इतक्या थोडक्यात सांगितले नव्हते. आणि मी ते ऐकले, मान हलवली, आणि मनात लगेच त्याला अस्तर लावू लागलो.

महादू शिकला त्या शाळेच्या हेडमास्तराची सही आणि शिफारस घेण्यासाठी आम्ही अमरावतीस गेलो. मूर्तिजापुरापासून पुढे रस्ता कापसाच्या गाड्यांनी इतका तुंबला होता की आमचा बैल पुढल्या गाडीच्या गोणीत तोंड घालून चालत होता. दोन्ही बाजूंच्या बाभळींना रुई अडकून त्या म्हाताऱ्या दिसत होत्या. महादू चाके मोजत होता. मी हेडमास्तरापुढे बोलण्याची वाक्ये जुळवत होतो. ती सर्व वाया गेली, कारण त्या गृहस्थाने मला बसा म्हटले नाही, आणि उभ्याने बोलण्यासाठी मी वाक्ये जुळवली नव्हती.

“संस्कृत?” तो म्हणाला. पुण्याकडचा माणूस, शब्द उच्चारताना ओठ असे दुमडी की जणू शब्द आमच्या अंगाला लागून मळेल. “अहो, ती पाठांतराची विद्या आहे. पिढ्यान्‌पिढ्यांचे संस्कार लागतात. तुमच्या मुलखात निजामाच्या अमलापासून फारशीची सवय. फारशी घेऊ द्या. झेपेल.”

“मुलास संस्कृत हवे आहे,” मी म्हणालो.

“मुलास काय कळते? आणि तुमचे शिक्षण किती?”

वर्गातील पोरे बाकावरून वळून पाहत होती. मी पागोटे सारखे केले. तेव्हा तो हसला आणि म्हणाला, “असे करा अर्जनवीस, दोन्ही मागा. तुम्हाला मागण्याची सवयच आहे.”

बाहेर आल्यावर महादूने माझे उपरणे ओढले. “मामा, त्याईच्या बोलन्यावर जाऊ नका. आपुन संस्कृतच लिहू. सरळ लिहू.”

“तू चूप राय,” मी म्हणालो. “तुले कचेरी माहीत नाई.”

मला हेडमास्तराचा राग आला होता, हे मी कबूल करतो. पण रागाच्या भरात मी चुकलो असे कोणी म्हणेल तर ते खोटे आहे. मी पूर्ण विचाराने चुकलो. विचार असा: नुसते संस्कृत मागितले, तर कॉलेजचा साहेब ते कापून फारशी देईल, कारण त्याचेही कान याच हेडमास्तराने भरलेले असणार. परंतु दोन्ही भाषा मागितल्या, तर त्यास एक कापावीच लागेल, आणि मी संस्कृताची स्तुती दुप्पट केली की तो फारशी कापील. तसेच नुसते गणित मागू नये. त्याच्या भोवती तर्कशास्त्र, इतिहास, सृष्टिशास्त्र असे सर्व उभे करावे, म्हणजे कात्री बाहेरच्या बाहेर चालेल आणि मधले गणित शाबूत राहील. अकोल्यास परत येऊन कडुनिंबाखाली मी तो अर्ज लिहिला. इतका सुंदर कागद माझ्या हातून पूर्वी झाला नव्हता. त्यात एक वाक्य असे होते: ‘अर्जदारास दोन्ही भाषांची तहान सारखीच असून, एक नाकारल्यास दुसरी दिलेली व्यर्थ होईल.’ कचेरीतील एका कारकुनाने त्याचा इंग्रजी तर्जुमा केला, आणि तोही म्हणाला की वाक्य इंग्रजीतही चांगले उतरले.

महादूने कागद वाचला. पुन्हा वाचला. मग हळूच म्हणाला, “मामा, थे लोकं कापत नसतीन तं?”

“न कापणारा सायेब अजून जन्माले नाई आला.”

“पन माही सही कोठी हाय?”

“पालक म्हणून मी केली. त्याले वजन राह्यते.”

त्याने कागद परत माझ्या हाती दिला. समोर रस्त्यावर एक गाडी उलटली होती, आणि सगळे अकोला जमून रुई गोळा करत होती, की चोरत होती, ते सांगणे कठीण होते.

उत्तर पौषात आले. सर्व मंजूर.

ही गोष्ट मी आजही पुन्हा पुन्हा मनात लिहून पाहतो. सर्व मंजूर! दोन्ही भाषा, गणित, तर्कशास्त्र, इतिहास, सृष्टिशास्त्र. एक शब्द कापलेला नाही. हे कसले साहेब? वीस वर्षांत मी पाहिले नव्हते असे साहेब. ज्यांना कात्रीच ठाऊक नाही, अशा लोकांच्या हाती परमेश्वराने मुलांचे शिक्षण का दिले असेल? गोदाने गावभर गूळ वाटला. तुकाराम पाटील जो भेटेल त्याला सांगत सुटला, “माह्या पोट्ट्याले समदेच इषय भेटले! एकही नाई सोडला!” हुकुमाच्या शेवटी इंग्रजीत एक ओळ होती, की मागितलेल्या प्रत्येक विषयात हजेरी पुरी भरली पाहिजे, आणि वर्ष संपेपर्यंत निवड बदलता येणार नाही. कारकुनाने ती मला वाचून दाखवली होती. मी म्हणालो, अट प्रत्येक हुकुमाखाली असते. ती शोभेची असते.

मुंबईहून महादूची पत्रे येत. अक्षर रेषेवर, काना वा मात्रा वाकडी नाही. फाल्गुनातील पत्र माझ्यापाशी आहे. ‘तीर्थरूप मामांचे सेवेशी साष्टांग नमस्कार. येथे सर्व क्षेम. एक गोष्ट कळवणे आहे. दहाच्या घंटेला संस्कृत वरच्या मजल्यावर असते, आणि फारशी त्याच दहाच्या घंटेला खालच्या खोलीत. रोज. दोन्ही घेणारा मी एकटाच असल्यामुळे आजवर ही अडचण कोणास पडली नव्हती. मी एक दिवस वर व एक दिवस खाली जातो. वर शास्त्रीबुवा विचारतात, काल कोठे होतास? खाली मौलवीसाहेब विचारतात, उद्या येशील का? जिन्यावर मात्र माझी हजेरी पुरी भरते. गणिताचे ठीक चालले आहे. गेल्या परीक्षेत माझी उत्तरे गुरुजींनी फळ्यावर लिहून सर्वांस दाखवली.’

हे पत्र मी गोदाला वाचून दाखवले तेव्हा जिन्याचे वाक्य ऐकून मी हसलो. गोदा हसली नाही. “दादा, थो एकटाच जिन्यात उभा राह्यत असन रे,” ती म्हणाली, आणि सूप उचलून आत गेली.

मी दुसरा अर्ज लिहिला. आता वाचणारा म्हणेल की या वेळी तरी या माणसाने सरळ लिहिले असेल. नाही. हात वळणावर गेला. हवे एवढेच होते की फारशी सोडू द्यावी. मी मागितले असे: फारशी सोडू द्यावी, फारशीस घालवलेले दिवस संस्कृताच्या हजेरीत धरावे, आणि पुढे अशी अडचण कोणास पडू नये म्हणून सबंध वर्गाची फारशीची घंटा बदलावी. मनात हिशेब हा, की शेवटच्या दोन गोष्टी कापतील, पहिली राहील.

उत्तर आले ते त्या दुसऱ्या प्रतिवादीच्या अक्षरात. त्यात माझेच वाक्य मला परत पाठवले होते. अर्जदारास दोन्ही भाषांची तहान सारखीच असून एक नाकारल्यास दुसरी व्यर्थ होईल, असे अर्जदारानेच लिहिले असल्यामुळे फारशी काढून घेणे म्हणजे त्यावर अन्याय करणे होईल; सबब अर्ज नामंजूर. आणि रजिस्टरात महादूच्या नावापुढे शेरा मारला, त्याची नक्कल सोबत जोडली होती: ‘मिळालेल्या सवलतीची कदर नाही. मागण्या वारंवार बदलतो. शिस्तीस अयोग्य.’

शिस्तीस अयोग्य! जो मुलगा आमच्या घरी पाण्याचा तांब्या मागतानाही आधी पाणी भरणारीची सवड पाहतो, त्याला! मी तो कागद घेऊन दोन दिवस फिरलो. वकिलांना दाखवला, शिरस्तेदारांना दाखवला. एकाने म्हटले, लक्ष्मणराव, वाक्य मात्र काय लिहिलेत! मी त्याच्याशी तेव्हापासून बोलत नाही.

वर्षाच्या अखेरीस महादूला परीक्षेस बसू दिले नाही. संस्कृतात हजेरी निम्मी, फारशीत हजेरी निम्मी. दोन निम्म्या मिळून कॉलेजच्या गणितात एक होत नाही. गणिताच्या गुरुजींनी त्याच्यासाठी शब्द टाकला म्हणतात. तो ऐकला गेला नाही. नाव कमी झाले.

तो परतला तेव्हा पुन्हा मार्गशीर्षच होता. तिकडची लढाई मिटली होती, इकडचा भाव बसला होता, आणि काल मिशीला पीळ देणारे दलाल आज गाडीवाल्याला ओळख देत नव्हते. मला त्यांची तिळभर कीव आली नाही. रुई मात्र तशीच उडत होती. तिला भाव कळत नाही. महादू ट्रंक खांद्यावर घेऊन कचेरीवरून चालत आला आणि माझ्या सतरंजीपुढे उभा राहिला. माझ्यापुढे तेव्हा बाळापूरचा एक माळी बसला होता, त्याच्या मिरचीच्या वाफ्यातून कोणी पाट फिरवला होता. मी म्हणालो, बस. तो बसला नाही.

“मामा, मी तुमच्यावर रागावलो नाई,” तो म्हणाला.

मी म्हणालो, “तुह्यावरचा शेरा मी काढून दाखवतो. थेट लाटसायेबाकडे लिहितो.”

“नाई. एवढंच सांगाले थांबलो. माह्यासाठी आता काई लिहू नका.”

मग त्याने वाकून माझ्या पायांना हात लावला, आणि गेला. त्या माळ्याने सगळे ऐकले होते. त्याने विचारले, “तुमचा भाचा का, बाप्पा? लय शानं पोरगं हाय.” मी त्याला म्हणालो, आपल्या मिरच्यांचे बोला.

त्या दिवशी मी त्या माळ्यासाठी एका पाटाच्या ठिकाणी सबंध ओढ्यावरचा हक्क मागितला. हात थांबला नाही. रागाने लिहिलेला अर्ज सुबक होतो, हा माझा अनुभव आहे.

महादू जमीनमोजणीत लागला. साखळी ओढणाऱ्यांच्या मागून चालतो, वहीत आकडे घेतो, आणि बांधाच्या एका कोपऱ्यावरून दुसरा कोपरा कोठे पडेल ते आधी सांगतो. मोजणीचा साहेब त्याच्यावर खूश आहे. लोक मला म्हणतात, झाले ते बरेच झाले, पोराला नोकरी लागली. असे म्हणणाऱ्यांना मी उत्तर देत नाही. त्यांच्या पोरांनी कधी श्लोकातील गणित मागितलेले नसते.

या वर्षी सीतादहीच्या दिवशी, पहिल्या वेच्याआधी शेतात दहीभाताचा नैवेद्य दाखवून झाल्यावर, गोदा तशीच गाडीत बसून अकोल्यास आली. माझ्या सतरंजीवर ती आयुष्यात कधी बसली नव्हती. बायका कचेरीपुढे बसत नाहीत. ती बसली.

“महाद्यानं कालेजात सोता अर्ज धाडला व्हता,” ती म्हणाली. “आपल्या हातानं. एक गणित, एक संस्कृत. नोकरीतून साठवलं, आमाले मांगतलं नाई.”

“मग?”

“मंग काय! त्याईचं उत्तर आलं. म्हने, आंधीचा शेरा हाय, त्याचा खुलासा द्या, मंगच पाहू. पोरानं कागद घडी करून बंडीच्या खिशात ठेवला अन साखळीमागं चालला गेला. म्या म्हनलं, दे ना खुलासा. तं म्हने, आई, काय देऊ? मामानं केलं असं लिहू?”

मी शाईची दौत उगीच हलवली. तिच्यात रुई पडली होती.

“त्यानं तुले सांगतलं हाय, त्याच्यासाठी लिहू नको,” गोदा म्हणाली. “मले माहीत हाय. पन दादा, खुलासा तं ज्यानं केलं त्यानंच द्याचा असते ना? का तुह्या कचेरीत उलटं हाय?”

मी तिला म्हणालो की स्त्रियांना कचेरीची रीत कळत नाही. ती म्हणाली, “मले पोटचं पोरगं कयते.” आणि उठून गाडीकडे गेली. बैल जुंपेपर्यंत तिने मागे पाहिले नाही.

ती गेल्यावर मी तीन कागद फाडले. पहिल्यात मी हेडमास्तरास दोष दिला होता, दुसऱ्यात कारकुनास, तिसऱ्यात कॉलेजच्या घंटेस. तिन्ही कागद चांगले होते, आणि त्या तिघांवरचा माझा राग आजही कायम आहे. तो मी मागे घेत नाही. ज्याने एका खेड्यातल्या मुलाच्या तोंडावर संस्कृत तुला झेपणार नाही असे म्हटले, त्याला मी माझ्या हयातीत क्षमा करणार नाही. ज्याने एकाच घंटेला दोन खोल्यांत बसण्याची परवानगी लिहून दिली आणि मग तो मुलगा दोन्ही खोल्यांत नाही म्हणून त्याला बेशिस्त ठरवले, त्याच्या बुद्धीची तर मला कीवही येत नाही. परंतु खुलासा मागितला आहे तो महादूच्या शेऱ्याचा. आणि त्या शेऱ्यातील एकही गोष्ट महादूने केलेली नाही.

हा कागद मी छापणाऱ्याकडेही देत आहे आणि एक नक्कल कॉलेजकडे धाडत आहे. कारण मेजावरचे कागद कसे हरवतात हे मला कोणी शिकवण्याची गरज नाही. छापलेला हरवणे जरा अवघड.

तरी विदित व्हावे की, महादेव तुकाराम याच्या नावे आलेले दोन्ही अर्ज माझे आहेत. त्यांतील मागण्या माझ्या, तहानेचे ते वाक्य माझे, खालची सही माझी. मुलाने पहिला अर्ज पाहून हरकत घेतली होती. ती मी ऐकली नाही. दुसरा त्यास दाखवलाही नाही. मागण्या वारंवार बदलणारा, सवलतीची कदर नसलेला आणि शिस्तीस अयोग्य असा जो इसम रजिस्टरात नोंदला आहे, तो कॉलेजात कधी आलाच नाही. तो अकोल्यास कडुनिंबाखाली बसतो, आणि तो शेरा त्याच्या नावावर चढवण्यास त्याची हरकत नाही.

सबब विनंती की, महादेव याच्या नावापुढील शेरा काढावा, आणि त्याने या वर्षी स्वतःच्या हाताने केलेला अर्ज, तो जसा आहे तसा, वाचावा.

याचे उत्तर मंजूर असो वा नामंजूर, ते महादेव तुकाराम यांचे नावे, मोजणीचा तळ, पातूर, येथे पाठवावे. माझ्या नावे पाठवू नये. लखोटा त्यानेच फोडावा.

लक्ष्मण सटवाजी, अर्जनवीस
दस्तुर खुद्द